शुक्रवारी हप्ता जात नाही

दुकानातल्या हर्षदने माझं कार्ड मशीनला परत लावलं, परत काढलं, स्वतःच्या शर्टाला पुसलं आणि पुन्हा लावलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. एकदा चुकलं तर मशीन, दुसऱ्यांदा चुकलं तर नेटवर्क. त्यानंतर चुकतं ते आपलं नशीब, असा माझा अनुभव आहे.

मारुती मंदिरजवळचं हे मोठं दुकान. टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं मिळतं. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही इथूनच फ्रीज घेतला आणि तेव्हाच दुकानाचं हे कार्ड माझ्या नावावर निघालं. कार्डावर वस्तू न्यायची, हप्ते महिन्याच्या महिन्याला आपोआप कापले जायचे. आज त्याच कार्डावर मी लॅपटॉप न्यायला आले होते. कडेवर दोन वर्षांची सानवी, आणि तिच्या हातात काउंटरवरचा पेन. तो तिनं कधी उचलला ते हर्षदला कळलं नव्हतं.

सोमवारपासून मला नोकरी लागणार होती. पुण्यातली कंपनी, शाळेतल्या मुलांच्या विज्ञानातल्या शंका ऑनलाइन सोडवायच्या, घरी बसून, दुपारनंतर. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. सानवी झाल्यापासून माझी बी.एस्सी. बाळगुटी उगाळण्यापुरती उरली होती. त्यामुळे त्या सोमवारची मी किती वाट बघत होते ते माझं मला माहीत. लॅपटॉप नसेल तर नोकरी नाही, आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून यादीत खाली कोणीतरी बसलेलं असणारच.

"मॅडम," हर्षद म्हणाला, "कार्ड कंपनीनं बंद केलंय."

"बंद? का?"

त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. "फ्रीजचे हप्ते परत आलेत. फेब्रुवारीचा, मार्चचा आणि आता नोव्हेंबरचा. सात तारखेला कंपनीनं मागितले, तिकडून नकार आला."

"शक्यच नाही. माझ्या सासूबाईंच्या खात्यातून जातात ते. रोजची विक्री जमा होते त्यात. पैसे नाहीत असं कधी झालेलंच नाही."

"मग तिकडं काय झालं ते तिकडंच ठाऊक. पण कंपनीनं तुम्हाला फोन केलेला, मॅडम." तो पडद्यावरून वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "इथं शेरा आहे… ग्राहकाने पोलिसांत देण्याची धमकी दिली."

शेजारी मिक्सर बघणाऱ्या बाईंनी मिक्सर सोडून माझ्याकडे बघितलं.

मला आठवलं. मागे ऑनलाइन फसवणुकीवर एक व्याख्यान झालं होतं, मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं होतं. 'तुमचा हप्ता परत आला आहे' असा निरोप आला की समजायचं, चोर. तेव्हापासून असा प्रत्येक नंबर मी ब्लॉक करत आले. आणि एक बाई फारच गोड आवाजात बोलायला लागली तेव्हा तिला मी चांगली झापली होती. "आईबापांनी शिकवलं ते याच्यासाठी का?" असंही विचारलं होतं. ती बाई खरी होती तर.

"आता काय करायचं?"

"एकदा बंद झालेलं कार्ड परत उघडत नाही. पण राहिलेला हप्ता नि दंड उद्या दुकान बंद व्हायच्या आत इथं भरा. नाहीतर परवा तुमचं नाव थकबाकीदारांच्या यादीत जाईल आणि पुढं कुठंच कर्ज मिळायचं नाही."

"आणि लॅपटॉप?"

"तो रोखीनं कधीही न्या की!" हर्षद मनापासून म्हणाला. मग सानवीच्या हातातला पेन बघून त्यानं तो तिलाच देऊन टाकला. आमच्या घरात तेवढीच खरेदी झाली त्या दिवशी.

रिक्षात बसल्या बसल्या मी रितेशला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. तो जयगडच्या बंदरावर क्रेन चालवतो. पाळी सुरू असताना फोन कपाटात. संध्याकाळी त्याचा उलट फोन आला.

"आईला विचार ना सरळ," तो म्हणाला.

"मी कशी विचारू? त्यांना वाटेल सून हिशेब मागते."

"मग नको विचारू. लॅपटॉप पुढच्या महिन्यात बघू."

"सोमवार आहे, रितेश! सोमवार!"

"मग विचार."

नवरा म्हणजे असा.

सासूबाईंचं नाव तुळसा. त्या बाजारात मासे विकतात. पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, दुपारपर्यंत विकायची, असं माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून चाललंय. आता टोपलीशेजारी पैसे स्कॅन करायचा फलकही असतो. फोन वापरायला त्यांना मीच शिकवलं आणि त्या माझ्यापेक्षा भराभर शिकल्या. पण पैशाचं त्यांना काही विचारायचं म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यात नोकरीचं मी त्यांना अजून सांगितलेलंच नव्हतं. लॅपटॉप घरात आला की सांगू, असं ठरवलं होतं.

म्हणून मी आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले. दुधाच्या खाड्यांच्या खुणा करतो ते कॅलेंडर. फेब्रुवारी उघडला. सात तारीख, शुक्रवार. मार्च उघडला. सात तारीख, शुक्रवार. नोव्हेंबर उघडला, आणि तोही शुक्रवारच निघाला.

आमच्याकडे शुक्रवारी घरातून पैसा बाहेर जात नाही. लक्ष्मीचा वार. लग्न होऊन आले त्या पहिल्याच शुक्रवारी मी केबलवाल्याला पैसे दिले होते. सासूबाई जिन्यावरून तशाच धावत गेल्या, त्याच्या खिशातून नोट काढून घेतली, आणि शनिवारी सकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला परत नेऊन दिली, वर चार बांगडे. पण तो केबलवाला होता. फोनमधून आपोआप जाणारा हप्ता कसा अडेल?

सासूबाई मोरीत बसून बांगडे साफ करत होत्या. मी सानवीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले.

"आई, तो फ्रीजचा हप्ता तुमच्या फोनवरून जातो ना…"

"जातो की. सात तारखेला. आदल्या दिवशी निरोप येतो, उद्या कापू म्हणून. सभ्य माणसा हायत ती."

"आणि सात तारखेला शुक्रवार आला तर?"

"तर थांबवतंय." त्यांनी बांगड्याचं पोट साफ केलं. "गुरवारी रात्री ता 'थांबवा' दाबायचा, शनवारी सकाळी 'सुरू करा' दाबायचा. तूच शिकवलास ना?"

मीच शिकवलं होतं. कुठल्याशा मालिकांच्या ॲपचे पैसे दर महिन्याला कापले जात होते, ते थांबवायला. मी कपाळाला हात लावला.

"पण आई, शनिवारी ते परत मागायला येत नाहीत!"

"का?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मी काय पळून जातंय? माणूस दारात आला, आज नको, उद्या ये म्हटला, तर उद्या येतो का नाय? लिलावात शुक्रवारी मला कोण पैसे मागत नाय. सगळ्या बंदराला ठावक हाय. शनवारी उजाडल्यावर पयले माझे पैसे पोचतात, म्हणून शुक्रवारची सुरमय पण मलाच देतात."

"कंपनीला ठाऊक नाही ना, आई."

"नाय कसा? एप्रिलात मागचा-पुढचा सगळा एकदम घेतलान त्यांनी. मी म्हटला बघ, समजूतदार हायत."

"त्यात दंड होता."

त्यांचा हात थांबला. नळ चालूच होता, तो मी उठून बंद केला.

"दंड? मला? पैसे असताना?"

मग मी सगळं सांगितलं. हप्ते परत गेले, कार्ड बंद झालं, लॅपटॉप, पुण्याची कंपनी, सोमवार. सांगताना माझा आवाज मध्येच चिरकला आणि सानवी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"म्हणजे माझ्या शुक्रवारानं तुझा सोमवार खाल्लान," सासूबाई म्हणाल्या. "पण नोकरीचा मला का नाय सांगितलास?"

"सानवीला कोण बघेल म्हणाल, असं वाटलं."

"दुपारी मी घरात असतंय. जेवतंय नि झोपतंय. पोरगी पण झोपते. त्यात बघायचा काय?"

गेला पंधरवडा मी ज्या प्रश्नानं जागी राहिले होते, त्याचं उत्तर हे एवढंच होतं.

"आणि तुला कारडाच्या कंपनीनं काय कळवला नाय?" त्यांनी विचारलं.

मग तेही सांगावं लागलं. व्याख्यान, ब्लॉक केलेले नंबर, पोलिसांची धमकी. सासूबाईंनी बांगडा खाली ठेवला आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, पण हात खवल्यांचे, म्हणून मला म्हणाल्या, "पूस गो, पदरानं पूस." मी पुसलं.

"म्हणजे मी कंपनीला म्हटला उद्या ये, नि तू म्हटलास पोलिसात देतंय! बरोबर हाय त्यांचा. मी असती तर मी पण कारड बंद केला असता."

हसून झाल्यावर मी म्हटलं, "पण आई, थकलेला हप्ता उद्याच भरायचा आहे. आणि उद्या…"

"शुक्रवार."

"आत्ता भरता येईल?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. देवासमोर दिवा कधीच लागला होता. दिवेलागणीनंतरही आमच्याकडे पैसे देत नाहीत, हे मला विचारायच्या आधी आठवायला हवं होतं.

"सकाळी बाजारात ये," त्या म्हणाल्या. "हफीजाकडे बघू."

हफीजाचाची म्हणजे सासूबाईंच्या शेजारी टोपली लावणारी त्यांची मैत्रीण. दोघींची जागा फुटपाथवर अशी लागून की गिऱ्हाईकाला वाटावं, दुकान एकच आहे. दिवसभर भांडतात, आणि कोणी तिसरं भांडायला आलं की दोघी मिळून त्याला परतवतात. सकाळी मी सानवीला घेऊन पोचले तेव्हा सासूबाईंनी सगळी हकीगत चाचींना आधीच सांगितली होती. आजूबाजूच्या चार-पाच जणींना पण सांगितली असावी, कारण मी दिसताच एकीनं कोळंबी निवडता निवडता विचारलं, "आली का पोलीसवाली?"

"तुळसा," हफीजाचाची म्हणाल्या, "तुझ्या शुक्रवाराचा भार मी किती वर्सा उचलू गो?"

"आणि तू जुम्म्याला नमाजाला घरी जातेस तेव्हा तुझी टोपली कोण राखतो? मांजर?"

"मांजर परवडला. मागच्या जुम्म्याला माझी मांदेली किती स्वस्त विकलीस!"

"नरम पडलेली ती!"

"तुझी जीभ नरम पडली तर बरा होईल." असं म्हणत चाचींनी कमरेची पिशवी सोडली आणि पैसे माझ्या हातावर ठेवले. सासूबाईंनी तिकडे बघितलंही नाही. शुक्रवारी त्या बघतसुद्धा नाहीत. मी पावती की चिठ्ठी काहीतरी लिहून देऊ का म्हणून विचारलं, तर दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या.

हर्षदनं पैसे घेतले, मशीनमधून पावती काढली आणि म्हणाला, "तुमचं नाव यादीत जाण्यापासून वाचलं, मॅडम. पण एक विचारू? खात्यात पैसे होते तर झालं काय?"

मी सांगितलं. तो हसला नाही. उलट विचारात पडला.

"आता कारणाच्या रकान्यात मी काय भरू? इथं 'शिल्लक नाही' आहे, 'सही जुळत नाही' आहे, 'खातं बंद' आहे. 'शुक्रवार' नाही." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आमच्या आईचं अमावास्येला असतं. पण ती अजून फोन वापरायला शिकली नाही, म्हणून निभावतंय."

बाहेर पडल्यावर मी पायरीवर उभी राहून ते सगळे नंबर परत उघडले आणि त्या गोड आवाजाच्या बाईला फोन लावला. माफी मागितली. कार्ड परत मिळणार नाही, हे तिनंही सांगितलं. सहा महिन्यांनी नवा अर्ज करा म्हणाली. फोन ठेवताना हसली. "मॅडम, रोज इतक्या शिव्या खाते, पण आईबापांच्या शिक्षणाची आठवण तुम्हीच करून दिलीत."

थकबाकी मिटली होती, नाव वाचलं होतं. पण लॅपटॉप होता तिथंच, काचेमागं. त्या रात्री पुण्याच्या कंपनीला पाठवायचा निरोप मी मनात जुळवत होते: काही अडचणीमुळे सोमवारी रुजू होता येणार नाही. त्यात 'क्षमस्व' आधी लिहावं की नंतर, यावरच अडले आणि सानवीच्या शेजारी झोपून गेले.

शनिवारी सासूबाई दुपारच्या आधीच घरी आल्या. टोपली धुऊन ठेवली, आंघोळ केली, ठेवणीतलं पातळ नेसल्या, अबोलीचा वळेसर माळला.

"चल," म्हणाल्या.

"कुठं?"

"शुक्रवारानं खाल्लान ता शनवार भरून देईल. चल."

"आई, नको. ते पैसे तुम्ही बर्फाच्या पेटीसाठी ठेवलेत." त्यांची मासळी ठेवायची जुनी पेटी एका कोपऱ्यातून गळते. नव्या पेटीसाठी त्या मागच्या नारळी पौर्णिमेपासून पैसे साठवत होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"गळते तर गळते. खाली पातेला ठेवतंय. तुझ्या नोकरीखाली पातेला ठेवता येत नाय."

हर्षद आम्हाला बघून उभाच राहिला. सासूबाईंनी काचेमागचा लॅपटॉप बघितला, मग काउंटरवर लोकांना हाताळायला मांडून ठेवलेला बघितला. तोच, तसाच. पापलेटाचे कल्ले उघडून बघावेत तसं त्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, वास मात्र घेतला नाही.

"ह्यो किती दिवस उघड्यावर हाय?"

"दिवाळीपासून, मावशी. पण लॅपटॉप शिळा होत नाही."

"मग खोक्यातला महाग का?"

"तो नवा आहे ना."

"म्हणजे ह्यो शिळा झाला की रं!"

हर्षदनं माझ्याकडे बघितलं. मी सानवीचे केस नीट करायला लागले. पुढचं सगळं मी बाजारात अनेकदा ऐकलेलं होतं. सासूबाई जायला निघाल्या, दारापर्यंत गेल्या, तिथून परत आल्या. हर्षद मालकांना विचारून आला. सासूबाईंनी मालकांना बांगडे आवडतात की सुरमई ते विचारलं. मालक स्वतः बाहेर आले. वॉरंटी पूर्ण मिळते का, तारीख आजची घालणार का, चार्जर मूळचा आहे का, ते मी विचारलं, कारण तेवढं विचारल्याशिवाय मला झोप आली नसती. सगळ्याला हो म्हणाले, मांडलेलाच लॅपटॉप कमी किमतीत दिला, आणि वर एक पिशवी दिली.

सासूबाईंनी फोन काढला आणि दुकानाचा फलक स्कॅन केला. "पयल्यांदा दुसऱ्याच्या फलकावर माझे पैसे इतके जातायत," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बटन दाबलं.

"नवं कार्ड काढायचं झालं तर सहा महिन्यांनी या," हर्षद म्हणाला.

"आमचा हप्ता आता घरातल्या घरात," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "महिन्याला दे. जमेल तसा. बर्फाच्या पेटीचा."

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर सासूबाई सानवीला कुशीत घेऊन झोपल्या. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. पहिल्याच मुलानं विचारलं, बर्फ पाण्यावर का तरंगतो? मी इतकं समजावून सांगितलं की शेवटी तोच म्हणाला, "कळलं, मॅडम, कळलं."

पहिला पगार जानेवारीत आला. सकाळी उशिरा बाजारात सासूबाईंना डबा द्यायला गेले होते, तिथंच फोन वाजला. मी बघितलं, परत बघितलं, खरा आहे ना म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊनही बघितलं.

"काय गो? परत चोर?" हफीजाचाचींनी विचारलं.

"पगार."

"आली की लक्ष्मी!" सासूबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि फलक माझ्यासमोर धरला. "दे माझा हप्ता."

मी फोन काढला होता. स्कॅन करायला वरही उचलला होता. मग थांबले.

"आई, आज शुक्रवार आहे."

क्षणभर त्या फलक धरून तशाच राहिल्या. कोळंबीवाली बाई हातातलं काम थांबवून बघायला लागली.

"अगो, मी घरातलीच हाय!"

"पैसे बँकेतून बाहेर जातील ना. उद्या या. मी काय पळून जातेय?"

पहिल्यांदा हफीजाचाची हसत सुटल्या. मग कोळंबीवाली. सासूबाईंनी फलक टोपलीवर आपटला, पण तोंडावरचं हसू त्यांना लपवता येईना.

"शिकली तुझी सून, तुळसा," चाची डोळे पुसत म्हणाल्या. "आता दोघींचा शुक्रवार माझ्याच डोक्यावर." त्यांनी उठून घड्याळात बघितलं. जुम्म्याची वेळ होत आली होती. जाता जाता त्यांनी आपली टोपली पायानं सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे सरकवली.

"मांदेली नरम नाय हायत," त्या बजावून गेल्या. "स्वस्त विकलीस तर पोलिसात देईन."